घर घेण्याआधी कागद वाचा

मंडळी, घर घेणे हे जन्मात एकदाच होणारे काम. त्यासाठी कोणी बैलजोडी विकतो, कोणी बायकोचे डोरले मोडतो, कोणी मुंबई-पुण्यास वीस वर्षे राबून पैसा साठवतो. एवढा पैसा हातचा जायचा, तर तो डोळे उघडे ठेवून जावा. आता तुम्हांला वाचता येऊ लागले आहे. मग घराचे कागद दुसऱ्याकडून का वाचून घ्यायचे? कोणता कागद काय सांगतो, ते आम्ही येथे सांगतो.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

विकणारा पुष्कळदा घरपट्टीची पावती पुढे करतो. "हे बघा, माझंच नाव आहे की नाही?" असे म्हणतो. नाव असते, ते खरे. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारण्याचा कागद आहे. कर कोणी भरायचा एवढेच तो सांगतो. जागा कोणाची, हे त्यावरून ठरत नाही. सरकारी गायरानात बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागू शकते. म्हणून ती जागा त्याची होत नाही.

गायरान ही साऱ्या गावाची जागा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की गावाच्या सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे काढावीत. असे घर तुम्ही विकत घेतले आणि उद्या ते हलवावे लागले, तर पैसा कोणाकडे मागणार?

मग पाहायचे काय?

गावाची जुनी वस्ती असते त्या जागेस गावठाण म्हणतात. गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो. तेथे मिळकत पत्रिका पाहावी. पुष्कळ गावांत पूर्वी ती नव्हतीच. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. या योजनेत ड्रोन नावाचे लहान यंत्र गावावरून उडवून घरांची मोजणी करतात. ज्या गावची मोजणी पुरी झाली, तेथे मिळकत पत्रिका तयार होते. ती भूमि अभिलेख खात्याकडे मिळते.

घर गावठाणाबाहेर, शेतात असेल, तर सातबारा पाहावा. विकणाऱ्याच्या पेटीतला जुना उतारा चालणार नाही. आपण स्वतः ताजा उतारा काढावा. त्यात "इतर हक्क" असा एक रकाना असतो. तो बोट ठेवून वाचा. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असले तर त्याचा बोजा तेथे लिहिलेला असतो. "भोगवटादार वर्ग २" असे लिहिले असेल, तर थांबा. तशी जमीन वरिष्ठांच्या परवानगीवाचून विकता येत नाही.

बहिणींना विचारले का?

घर वाडवडिलांचे असेल तर वारस किती, ते विचारा. दोघे भाऊ सही द्यायला तयार असतात आणि बहिणींचे नावही कोणी काढत नाही. "त्यांची लग्नं झाली, त्यांना काय करायचंय?" असे उत्तर मिळते. हे उत्तर कायद्यात बसत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो. बहिणीने तोंडी "मला नको" म्हटले, तेवढे पुरत नाही. खरेदीखतावर तिची सही घ्यावी, नाहीतर तिने नोंदवलेले हक्कसोडपत्र पाहावे.

जागेवर जाऊन पाहा

कागद बरोबर निघाले, की जागेवर चला. चारी बाजूंना कोण आहे, ते शेजाऱ्यांना विचारा. मधली भिंत कोणाची? पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडते? बैलगाडी दारापर्यंत येण्याची वाट कोणाच्या जागेतून आहे? गावातली निम्मी भांडणे या तीन गोष्टींवरून होतात. म्हणून चतुःसीमा आणि येण्याजाण्याची वहिवाट खरेदीखतात लिहून घ्यावी.

घर उन्हाळ्यात पाहिले असेल तर पावसाळ्यातही एकदा पाहा. ओढ्याचे पाणी कोठवर चढते, विहीर वैशाखात आटते का, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पाणी त्यांनीच वाहिलेले असते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. तेथे पाणी भिंतीला कोठवर लागले होते, ते पाहूनच घर घ्यावे. घर डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर वरचा उतार पाहा. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर खचला. दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गेली. उतारावर नव्या भेगा पडल्या असतील, किंवा झाडे कलली असतील, तर ते घर नको.

शेवटचे काम

नुसत्या इसारपावतीने किंवा शंभराच्या स्टॅम्पावर लिहून घेतल्याने घर आपले होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घराचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेच लागते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला द्यावे. त्याआधी वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल थकले नाही ना, तेही पाहावे.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नका. सातबारा असेल तर चावडीवर फेरफार घाला. मिळकत पत्रिका असेल तर भूमि अभिलेख कचेरीत अर्ज द्या. ग्रामपंचायतीतही नाव लावून घ्या. मग नवा उतारा हाती घ्या आणि त्यावरचे आपले नाव स्वतः वाचा. नवराबायकोने मिळून घर घेतले असेल, तर दोघांची नावे आहेत ना, तेही पाहा. काना-मात्रा चुकली असेल, तर ती लगेच दुरुस्त करून घ्या. उशीर झाला की हेलपाटे वाढतात.

कोणी म्हणेल, "एवढं बघायला लागलात तर विश्वास कुठं राहिला?" त्याला सांगा, कागद नीट असला म्हणजे शेजारधर्मही नीट राहतो. आणि जो कागद दाखवायला कां-कूं करतो, त्याला इसार देऊ नका.