पोवळ्यांची टाकी, भाग ३ : रिकाम्या टाकीचा दीड महिना

समुद्री टाकीत सर्वांत आधी वस्तीला येतात ते जिवाणू. मासे, गोगलगायी आणि पोवळी यांची पाळी त्यानंतर. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. समुद्रात त्याचा मागमूस राहत नाही, काचेच्या पेटीत मात्र तो थोड्याच दिवसांत माशांचा जीव घेतो. त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू पुरेसे वाढू देणे, याला शौकीन मंडळी ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. इथे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी गृहीत धरली आहे. खडक आणि वाळू वजा जाता तीत साधारण १५० लिटर पाणी मावते.

पाणी नळाचे चालत नाही. त्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो आणि तांब्याचा अंश गोगलगायी, कोळंबी व पोवळ्यांना. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असण्याची शक्यता मोठी. म्हणून आरओचे पाणी पुन्हा डीआय रेझिनमधून गाळून घेतात आणि टीडीएस मीटरने शून्य दाखवले की वापरतात. स्वयंपाकघरातल्या आरओवर विसंबू नये. पाण्याला चव राहावी म्हणून त्यात काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात.

मिठाबद्दलचा गैरसमज मिठागरे पाहिलेल्या माणसालाही असतो : समुद्राचेच मीठ, मग समुद्राच्या टाकीला ते का चालू नये? कारण मिठागरात समुद्र निवडला जातो. पाणी आटत गेले की आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, म्हणजे कॅल्शियमचा मोठा भाग निघून जातो. मग खाण्याच्या मिठाचे खडे धरतात आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर सोडून दिले जाते. पोवळ्यांना सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते आणि ते पाण्यात विरघळलेले टिकायला मॅग्नेशियम लागते. खडे मिठात दोन्ही नावापुरतीच. म्हणून सगळे क्षार प्रमाणात मिसळलेले तयार रीफ सॉल्ट घ्यावे. लिटरला सुमारे ३७ ग्रॅम, म्हणजे या टाकीला साडेपाच किलो. ते वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून, पाण्यात हळूहळू सोडतात. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियम कार्बोनेट पांढरे होऊन तळाशी बसते आणि पुन्हा विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता हजारी ३५, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ आले, की पाणी तयार.

यापुढे टाकीतले पाणी उडते, मीठ मागे राहते. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी कमी झाले तरी ते जवळजवळ दोन लिटर होते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खारे घातले तर क्षारता चढत जाते.

गाळणीचे खरे काम खडक करतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातला जिवंत खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर टाकी चालवायची. सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांत राहणारे जिवाणू पाणी शुद्ध ठेवत होते. आज खडक किनाऱ्यावरून उचलून आणणे योग्य नाही आणि भारतात ते गुन्ह्यातही मोडू शकते. असा खडक बहुधा मेलेल्या पोवळ्याचाच असतो आणि खडक बांधणारी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणलाही हाच नियम. कोरडा, मानवनिर्मित खडक बारा ते पंधरा किलो घ्यावा. तो निर्जीव असल्याने जिवाणू बाटलीतून आणावे लागतात.

आता मुख्य भाग. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट, अशा दोन पायऱ्या असतात. त्या वेगवेगळे जिवाणू उरकतात, हे सेर्गेई विनोग्रॅडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. हे जिवाणू संथ आहेत. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात कितीतरी पट होतात; यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. दुसऱ्या पायरीवरचे तर पहिल्यांचे काम सुरू झाल्यावरच जोर धरतात. दीड महिना जातो तो यातच.

त्यांना खाऊ हवा. टाकीत कोळंबी कुजू देण्याची जुनी पद्धत चालते, पण अमोनिया किती होईल हे हातात राहत नाही आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच. अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, मोजून घालणे बरे. मात्र कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध हवा. १५० लिटरला जेमतेम एक ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम होतो. मासा टाकून सायकल करण्याची रीत सोडून द्यावी. अमोनियाचे विषारी रूप पीएच ७ ला अर्धा टक्का असते. समुद्री पाण्याच्या ८.२ ला ते सहा-सात टक्क्यांवर जाते. गोड्या पाण्यात तग धरणारा मासा इथे तळमळतो.

या काळात दिवे बंद, पंप चालू आणि तापमान २५-२६ अंश. दर दोन-तीन दिवसांनी चाचणी करून वहीत नोंद ठेवावी. अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढते आणि बरेच दिवस वरच अडून राहते. नवख्यांचा धीर इथेच सुटतो. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटची चाचणीही फसवा आकडा दाखवते, म्हणून तो तेव्हा धरू नये. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाले की पुन्हा एक ग्रॅम नवसागर घालतात. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही परत शून्य आले, तर सायकल पूर्ण. एकट्या अमोनियाचे शून्य पुरत नाही.

प्रत्येक मात्रेमागे लिटरला सुमारे सात मिलिग्रॅम नायट्रेट साठते. ते तिसरा हिस्सा पाणी बदलून कमी करतात. मग दिवे लागतात आणि काचेवर तपकिरी डायाटम धरतात, पाठोपाठ हिरवे शेवाळ. टाकी कुरूप दिसते, पण बिघडलेली नसते. औषध ओतू नये. गोगलगायी सोडाव्यात, दिवे कमी वेळ लावावेत.

पहिला मासा त्यानंतर. विदूषक मासे हॅचरीत वाढवलेले मिळतात; त्यांची एक जोडी पुरे. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाएवढीच असते, त्यामुळे पुढच्या माशापूर्वी तीन-चार आठवडे थांबावे. आजारी माशाला तांब्याचे औषध द्यायचे झाल्यास ते वेगळ्या टाकीत. खडकात एकदा शिरलेले तांबे नंतर पाण्यात उतरत राहते.

पुढील आठवड्यात : अल्कलाइनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा मेळ.