घरचा साबण : साचा गुंडाळावा की उघडा ठेवावा?

वयोमानाने त्वचा कोरडी पडते, म्हणून काही घरांतून ज्येष्ठांसाठी खोबरेल व एरंडेल तेलांचा साबण घरीच केला जातो. साच्यात ओतलेले मिश्रण आपोआप तापते. उष्णता टिकली, तर ते मध्यभागापासून मऊ व अर्धपारदर्शक होत जाते. हीच जेल अवस्था. ती येऊ द्यावी का, असा प्रश्न आपणांस पडला असेल.

साचा टॉवेलात गुंडाळल्यास ही अवस्था सहज येते. वडी लवकर घट्ट होते, रंग खुलतो. दूध वा मध घातले असल्यास मात्र साचा थंड जागी उघडा ठेवावा, अन्यथा वडी करपट, तपकिरी होते. मध्ये गडद वर्तुळ राहिले, तरी तो केवळ दिसण्यातील दोष होय.

सौम्यता जेलमुळे येत नाही. ५ टक्के तेल मुरल्यावरही शिल्लक उरेल, इतकाच कॉस्टिक सोडा काट्यावर तोलून घ्यावा. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कदापि ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. वड्या ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात.

असा साबणही अल्कधर्मीच असतो. त्वचा भेगाळलेली असल्यास वापरापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.