आधी नोझल, मग कॉम्प्रेसर

पितळी पत्र्याचे भाग सोल्डर करून रेल्वे इंजिनाचं मॉडेल उभं राहिलं, की सांध्यांत फ्लक्सचा चिकटा उरतो. ब्रश तिथवर पोचत नाही आणि पॉलिश पेपर फिरवला तर रिव्हेटचे ठिपकेच झिजतात. हवेच्या झोतातून बारीक ग्रिट मारलं, तर कोपरे साफ होतात, पितळ किंचित खरखरीत होतं आणि प्रायमर घट्ट धरतो.

मग माणूस कॉम्प्रेसर घ्यायला दुकानात जातो आणि विचारतो, ‘किती एचपी? टाकी किती लिटरची?’ आधी विचारायला हवं ते नोझलच्या छिद्राबद्दल. 5 बार दाबाला अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला साधारण 14 लिटर हवा जाते. 1 मिमीतून 57 लिटर, म्हणजे 2 सीएफएम (मिनिटाला घनफूट). 2 मिमीतून सव्वादोनशे. व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते. एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला जेमतेम वीस-पंचवीस लिटर देतो, तोही कमी दाबाला. त्यावर मोठी ब्लास्टिंग गन लावली तर ती नुसतीच धापा टाकणार. मोठ्या टाकीचा भरवसाही फसवा असतो. 24 लिटरची टाकी 8 बारवरून 5 वर येईपर्यंत 72 लिटर हवा देते. 1 मिमीच्या नोझलला ती सव्वा मिनिट पुरते. जाहिरातीतला सीएफएम बहुधा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी, म्हणून ‘एफएडी’चा (फ्री एअर डिलिव्हरी) आकडा मागावा. नोझल झिजतंही: अर्ध्याचं 0.6 मिमी झालं की हवा 44 टक्के जास्त लागते. टंगस्टन कार्बाइडचं नोझल महाग असलं तरी घ्यावं, असं माझं मत.

छोट्या मॉडेलना पेनसारखा ब्लास्टर पुरतो. दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये तो सर्रास असतो, 50 मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसकट. डेंटल साहित्याच्या दुकानात चौकशी करायला लाजू नये. प्लास्टिकवर मात्र हे ग्रिट जरा कठोरच. तिथे कमी दाब आणि खाण्याचा सोडा.

आपल्याकडचा खरा शत्रू पाणी. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीची 30 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा 7 बारपर्यंत दाबून थंड झाली, की सुमारे 22 ग्रॅम पाणी सुटतं. ग्रिट ओलं झालं, की त्याचे गोळे होऊन नोझल तुंबतं. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवून उपयोग नाही, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपातच पुढे निसटतं. लांब पाइपनंतर, ब्लास्टरजवळ तो लावावा. टाकीचा खालचा कॉक रोज उघडावा.

नदीची वाळू चाळून वापरण्याचा मोह होतो. तिच्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. ब्रिटनने कारखान्यांतल्या अशा कामांत वाळूला 1949 च्या नियमांनीच बंदी घातली. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची धूळही फुप्फुसात जायला नको. म्हणून हातमोजे बसवलेली बंद पेटी, तिला बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम आणि तोंडावर धुळीचा चांगला मास्क, एवढ्याचे पैसे कॉम्प्रेसरचं मॉडेल ठरवण्याआधीच बाजूला काढावेत.