तीन गिन्न्या आणि एक मोहोर

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीची इद्दत पुरी झाली आणि त्याच आठवड्यात तिने कपाटाच्या खालच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या रुमालात बांधलेल्या चार गिन्न्या. आमचे आजोबा जहाजावर तांडेल होते. त्यांच्या कमाईतल्या या चार गिन्न्या रत्नागिरीच्या घरातून अब्बांबरोबर अंधेरीला आल्या आणि चाळीसेक वर्षे त्या डब्यातच राहिल्या.

भाईजान म्हणाला, "अम्मीला एक, मला दोन, तुला एक. झाला हिशोब."

त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. पण अम्मी म्हणाली, "माझा आठवा हिस्सा आहे, चौथा नाही. तुमच्या वाटणीचे माझ्याकडे कशाला? उरलेल्यात तुझे दोन भाग, तिचा एक. नीट किंमत काढा, मग वाटा."

म्हणून आम्ही स्टेशनजवळच्या सराफाकडे गेलो. त्याने एकेक नाणे काट्यावर ठेवले. दोन नाण्यांना वर कडी जोडलेली होती, ती सोडली तर चारही नाणी आठ ग्रॅमला किंचित कमी. २२ कॅरेट. "चारींचा भाव एकच," तो म्हणाला. त्याच्या धंद्याच्या हिशोबाने ते खरेच होते. सराफ सोने विकत घेतो, त्याच्यावरचा छाप नव्हे.

आमच्या मुलुंडच्या फुफीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. उमेदीची सारी वर्षे त्यांनी फोर्टातल्या सरकारी टांकसाळीत काढली. रिझर्व्ह बँकेसमोरची ती जुनी दगडी इमारत आपण येता-जाता पाहतो, तिथेच. फुफीच्या सांगण्यावरून आम्ही डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावून चारही नाणी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "गिन्न्या तीनच आहेत. ही चौथी गिन्नी नाही, मोहोर आहे."

आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. तीन नाण्यांच्या मागे घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याशी लढणारा स्वार होता. चौथ्यावर स्वार नव्हता. वेलबुट्टीच्या चौकटीत इंग्रजीत लिहिले होते: १५ रुपये, इंडिया, १९१८. पुढच्या बाजूला बादशहा पंचम जॉर्ज.

ही मोहोर मुंबईत का पाडली गेली, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पहिले महायुद्ध चालू होते. चांदी महागली होती, रुपयाची नाणी पुरत नव्हती, आणि १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. कागदावर लोकांचा विश्वास बसेना. मग सोन्याची नाणी इथेच पाडायचे ठरले. लंडनच्या शाही टांकसाळीची एक शाखा मुंबईत उघडली गेली. पण गिन्नीचे ठसे लंडनहून वेळेवर आले नाहीत. तोवर काम अडू नये म्हणून गिन्नीच्याच वजनाची आणि कसाची पंधरा रुपयांची मोहोर पाडली. त्या वेळी एक पौंड म्हणजे पंधरा रुपये असा दर होता, म्हणून हा आकडा. अशा २१,०९,७०३ मोहरा निघाल्या. मग ठसे आले आणि ऑगस्ट १९१८ पासून खऱ्या गिन्न्या पडू लागल्या. एप्रिल १९१९ मध्ये शाखा बंद झाली, तोवर १२,९५,३७२ गिन्न्या झाल्या होत्या. त्यांच्यावर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीत, सालाच्या वर, 'आय' हे इवले इंग्रजी अक्षर असते. आमच्या तिसऱ्या गिन्नीवर ते निघाले. म्हणजे आजोबांनी जगभर फिरून आणलेले नाणे आमच्या फोर्टातलेच होते!

आता कोणीही विचारेल: मोहरा एकवीस लाख निघाल्या आणि मुंबईच्या गिन्न्या तेरा लाखांहून कमी, मग गिन्नीच जास्त महाग हवी. प्रत्यक्षात उलटे आहे. संग्राहकांच्या बाजारात 'आय'वाली गिन्नी सोन्याच्या भावापेक्षा थोडीच वर जाते, आणि चांगल्या स्थितीतली मोहोर कितीतरी वर. टांकसाळीतल्या त्या चाचांनी याचे उत्तर एका वाक्यात दिले: "किती पाडली ते विचारू नका, किती उरली ते विचारा."

गिन्नी जगभर चालत होती. ती इराकमध्ये, हिजाजमध्ये, इंग्लंडमध्ये जशीच्या तशी घेतली जाई, म्हणून तिला वितळवायचे कारण कमी. पंधरा रुपयांच्या मोहरेला हिंदुस्थानाबाहेर कोण विचारणार? ती घरात आली आणि सोनाराच्या मुशीत गेली. तिच्या बांगड्या झाल्या, पाटल्या झाल्या. शिवाय मोहोर एकाच वर्षी निघाली. भारतीय नाण्यांचा संग्रह पुरा करायचा तर ती लागतेच, तिच्या जागी दुसरे साल चालत नाही. माल थोडा आणि गरज ठरलेली, म्हणून भाव चढतो.

याचे टोकाचे उदाहरण लंडनचे आहे. १९१७ साली तिथल्या टांकसाळीत १०,१४,७१४ गिन्न्या पडल्या. त्यातल्या बहुतेक युद्धाच्या देण्यापोटी अमेरिकेला गेल्या आणि तिथे वितळल्या. आज लंडनची १९१७ ची खरी गिन्नी हजारो पौंडांना जाते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पडलेली, तेवढेच सोने असलेली गिन्नी मात्र जवळजवळ वजनावर मिळते. दोन्हींत फरक काय, तर त्या जमिनीच्या रेघेत एक बारीक अक्षर आहे की नाही.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सौदी अरबस्तानची. १९३३ मध्ये तेलाच्या सवलतीसाठी अमेरिकन कंपनीने सौदी सरकारला पहिली रक्कम दिली ती ३५,००० सोन्याच्या गिन्न्यांत, जिद्दाला मोजून. पुढे दुसऱ्या महायुद्धात गिन्न्या मिळेनाशा झाल्या. तेव्हा फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीने त्या देण्यासाठी सोन्याच्या चकत्या पाडून दिल्या. १९४५ मध्ये चार गिन्न्यांच्या वजनाच्या ९१,२१०, आणि १९४७ मध्ये एका गिन्नीच्या वजनाच्या १,२१,३६४. त्यांच्यावर राजा नाही, साल नाही, किंमतही नाही. एका बाजूला अमेरिकेचा गरुड आणि टांकसाळीचे नाव, दुसऱ्या बाजूला फक्त वजन आणि कस. त्या काळी अमेरिकेत सोन्याचा सरकारी दर औंसाला ३५ डॉलर होता आणि मुंबईत भाव त्याच्या बराच वर. साहजिकच त्यातल्या पुष्कळ चकत्या मुंबईला आल्या आणि वितळून लगडी झाल्या. ज्या थोड्या वाचल्या, त्या आज संग्राहक सोन्याच्या भावापेक्षा बरेच जास्त देऊन घेतात. त्या दुर्मिळ झाल्या त्या आपल्याच शहरातल्या भट्ट्यांमुळे.

आणि मिसरचे शाह फारूक! अमेरिकेने १९३३ साली वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली, पण ती चलनात आलीच नाहीत. सोन्याचा व्यवहार सरकारने आपल्या हाती घेतला आणि ती वितळवायचा हुकूम झाला. काही नाणी टांकसाळीतून चोरवाटेने बाहेर पडली. त्यातले एक १९४४ मध्ये शाह फारूक यांच्या संग्रहात गेले, तेही अमेरिकन सरकारच्या निर्यात परवान्यानिशी. त्या परवान्याचा पुढे उपयोग झाला. खटला आणि तडजोडीनंतर खाजगी मालकीला कायदेशीर ठरलेले ते एकच नाणे राहिले. २००२ मध्ये ते ७५ लाख डॉलरच्या वर आणि २०२१ मध्ये १ कोटी ८८ लाख डॉलरच्या वर गेले. त्यात सोने एक औंसही पुरते नाही.

आपल्या चार गिन्न्यांचा याच्याशी काय संबंध, असे वाटेल. संबंध एवढाच की नाण्याच्या किमतीत दोन हिस्से असतात. एक सोन्याचा, तो काट्यावर कळतो आणि कुठल्याही सराफी पेढीवर मिळतो. दुसरा जास्तीचा. तो जाणकार घेणारा समोर असेल तरच मिळतो आणि फार लवकर बिघडतो.

तो कसा बिघडतो, हे आमच्याच दोन गिन्न्यांवर दिसत होते. राणी व्हिक्टोरियाच्या त्या गिन्न्यांना हारात ओवण्यासाठी डाग देऊन कडी लावलेली. डाग लागला की संग्राहक हात लावत नाही. एकीवर रिठ्याने घासून-पुसून काढलेली चमकही होती. आपल्याकडे ईदच्या आधी दागिन्यांबरोबर नाणीही घासायची सवय असते. नाण्याचा मूळ तजेला गेला की तो परत येत नाही, आणि भिंगाखाली घासल्याच्या बारीक रेघा लगेच दिसतात. मळलेले नाणे मळलेलेच राहू द्यावे. नकलांचेही भान हवे. गेल्या शतकात बैरुतला गिन्नीच्या नकला पाडत आणि आपल्याकडच्या सराफांनीही पाडल्या. कित्येकांत सोने चांगले असते, सराफ पूर्ण भाव देतो. संग्राहक मात्र काही देत नाही.

अलीकडच्या नाण्यांबद्दल मात्र हात आखडता घ्यावा, असे माझे मत झाले आहे. अपवाद आहेत. १९८९ मध्ये गिन्नीला ५०० वर्षे झाली म्हणून लंडनच्या टांकसाळीने जुन्या धाटणीचे, सिंहासनावर बसलेल्या राणीचे चित्र फक्त त्या एका वर्षासाठी काढले. ती गिन्नी आज वजनाच्या भावाच्या पुष्कळ वर विकली जाते. एकच वर्ष, मोजकी संख्या, आणि गिन्न्या जमवणाऱ्या प्रत्येकाला हवे असलेले चित्र असा तिहेरी योग तिथे जुळला. पण मखमली डबी, छापील प्रमाणपत्र आणि 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द म्हणजे तो योग नव्हे. टांकसाळीने किंवा कंपनीने जास्तीचे पैसे आपल्याकडून आधीच घेतलेले असतात. २०१३ पासून भारतात पुन्हा 'आय' अक्षराची गिन्नी पाडली गेली, आणि २०१५ मध्ये अशोकचक्र व गांधीजींचे चित्र असलेले भारतीय सुवर्ण नाणे निघाले. सोने म्हणून ती चोख आहेत, पण त्यांच्याकडून आज मोहरेसारखी अपेक्षा धरू नये. सराफाकडे मिळणाऱ्या ७८६ च्या नाण्यांचे तर सोडाच. ती भेट म्हणून छान, पण मोडीत वजनावरच जातात. आणखी एक, सोने झपाट्याने महागते तेव्हा साध्या संग्रही नाण्यांचा जास्तीचा हिस्सा त्या वाढीत विरघळून जातो. खरी दुर्मिळ तेवढी तरतात.

घरातल्या हिशोबात हा फरक तीन ठिकाणी आडवा येतो. पहिला मेहेर. निकाहनाम्यात रकमेपुढे 'सिक्का राइजुल-वक्त', म्हणजे सध्या चालू असलेले नाणे, असे लिहितात. गिन्न्यांत मेहेर ठरवायचा असेल तर नुसते 'पाच गिन्न्या' न लिहिता वजन, कस आणि असल्यास साल लिहावे. दुसरी जकात. गिन्नीत शुद्ध सोने सुमारे ७.३२ ग्रॅम असते, म्हणजे साडेसात तोळ्यांचा निसाब अकरा-बारा गिन्न्यांतच भरतो. घरात ठेवलेल्या नाण्याचा हिशोब सोन्याचा. विकण्याच्याच इराद्याने विकत घेतले असेल तर तो तिजारती माल, आणि पूर्ण बाजारभाव धरावा लागतो. मौलानांना विचारताना वजन आणि भाव दोन्ही सांगावे. आणि मोहोर देऊन तिच्या दुप्पट वजनाची बांगडी घ्यायचा मोह झाला तर थांबावे. सोन्याच्या बदल्यात सोने समान वजनाने आणि हातोहात, हा नियम नाण्यालाही लागू आहे. आधी रोख विकावे, मग बांगडी घ्यावी.

आखातात नातेवाईक असलेल्यांनी कायद्याचे एक कलम ध्यानात ठेवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची मोहोर दुबईच्या पुतण्याला निकाहात भेट म्हणून पाठवायची म्हटले तर विमानतळावर अडेल, आणि तीत चूक आपलीच असेल.

आमची मोहोर लिलावात गेली. काही महिने थांबावे लागले, दलाली द्यावी लागली, आणि सगळे वजा जाऊन सोन्याच्या भावाच्या तिपटीच्या आसपास रक्कम हाती आली. मग भाईजानने कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा हिशोब मांडला. आधीच्या वाटणीत मला एक गिन्नी मिळत होती. आता माझा हिस्सा पावणेदोन गिन्न्यांचा निघाला. 'आय'वाली गिन्नी मी घेतली, उरलेले रोख. भाईजानला कडीवाली एक आणि मोहरेच्या पैशातला मोठा भाग.

दुसरी कडीवाली अम्मीने मागून घेतली. तिच्या आठव्या हिश्शापेक्षा ती थोडी जास्त होत होती, म्हणून फरकाचे पैसे तिने मोजून आमच्या हातात ठेवले. "ती घासलेली, डागाची आहे," भाईजान म्हणाला, "तुला 'आय'वाली देऊ का?"

"नको," अम्मी म्हणाली. "निकाहाच्या दिवशी माझ्या गळ्यात हीच होती."