दंड भरतो कोण, सोसतो कोण?

नवऱ्याने मारहाण केली आणि न्यायालयाने त्याला दंड ठोठावला, तर ते पैसे जातात कुठे? पुष्कळांची समजूत असते की ते त्या बाईला मिळतात. प्रत्यक्षात न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही, तर ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. जिच्या हाताला प्लास्टर घातले, तिचे औषधाचे बिल तिच्याच माथी राहते.

मारहाण हा 'घरातला मामला' म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो आरोग्याचा प्रश्न आहे. सतत डोके दुखणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे, वारंवार गर्भपात होणे अशा तक्रारींमागे कित्येकदा मारहाण दडलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे दर चार विवाहित स्त्रियांपैकी एकीने पतीकडून हिंसा सोसली आहे. शिकलेली घरेही याला अपवाद नाहीत. १८८६ साली डॉक्टर झालेल्या आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनीही लहान वयात सोसलेल्या मारहाणीचा उल्लेख पतीला लिहिलेल्या पत्रात केला आहे.

मग या दंडातूनच पीडित स्त्रियांसाठी निवारा, समुपदेशन आणि उपचारांची सोय का करू नये? कल्पना चांगली आहे, आणि नवी नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने गुन्हेगारांच्या दंडातून पीडितांसाठी निधी उभा केला. ब्रिटनमध्ये २००७ पासून दोषी ठरलेल्याकडून पीडितांच्या सेवांसाठी अधिभार घेतला जातो.

आपल्याकडे मात्र दोन अडचणी आहेत. पहिली हिशेबाची. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात दंड पहिल्या तक्रारीला होत नाही. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९८३ मध्ये आलेले कलम ४९८-अ (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. पण खटला चालून शिक्षा होईपर्यंत वर्षे जातात. बाईला मदत आज रात्री हवी असते. समुपदेशिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. अधूनमधून येणाऱ्या दंडावर तो चालणार कसा?

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. बाई त्याच घरात राहत असेल, तर दंडाचे पैसे त्याच घराच्या वाणसामानातून आणि मुलांच्या फीमधून जातात. शिक्षा नवऱ्याला, उपास मुलांना. त्यामुळे कित्येक बायका तक्रारच मागे घेतात.

म्हणून क्रम असा हवा : आधी बाईचा हक्क, मग निधी. २००५ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे उपचारखर्च, बुडालेली कमाई व पोटगी, आणि कलम २२ प्रमाणे मानसिक त्रासाची भरपाई मागता येते. दंड झालाच, तर त्यातून पीडितेला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. ॲसिड हल्ल्याच्या गुन्ह्यात तर २०१३ पासून दंड पीडितेलाच द्यावा असे कायदा सांगतो. घरगुती हिंसेतही तसा नियम झाला तर बरे.

सेवांचा पाया मात्र सरकार आणि पालिकेच्या अंदाजपत्रकातच हवा. मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेले 'दिलासा' केंद्र याचा दाखला आहे. बाई उपचाराला येते तिथेच समुपदेशन मिळते, वेगळ्या कार्यालयाचा पत्ता शोधावा लागत नाही. दंडाची रक्कम अशा केंद्रांना जोड म्हणून मिळावी, आधार म्हणून नव्हे.

तोवर भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. मार लागला तर रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन केसपेपर काढावा. 'जिन्यावरून पडले' असे न सांगता कोणी, कशाने, केव्हा मारले ते डॉक्टरांना सांगावे व तसेच लिहून घ्यावे. पुढे भरपाई मागताना हाच कागद कामी येतो. औषधांची बिले जपून, शक्यतो माहेरी किंवा विश्वासू शेजारणीकडे ठेवावीत. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला मदतवाहिनी १८१ आणि विधी सेवेसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि शेजाऱ्यांनो, भिंतीपलीकडचा आवाज ऐकून रेडिओ मोठा करू नका. दार वाजवा.