चाऱ्यातील तार, खाचरातील खिळा : जुने धातुशोधक यंत्र पुन्हा कसे लावावे?



कल्याण तालुक्यातील एका पशुपालकाकडे मी चारापिकांविषयी बोलण्यासाठी गेलो होतो. गोठ्यात एक म्हैस पाठीची कमान करून उभी होती. चार दिवसांत दूध निम्म्यावर आले होते, वैरणीकडे ती तोंड फिरवीत होती आणि अंगणाच्या उतारावरून खाली येताना कण्हत होती. पशुवैद्यकांनी लोखंड गिळल्याचा संशय सांगितला. पुढे शस्त्रक्रिया झाली तेव्हा पोटातून बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना तिरका कापलेला तारेचा तुकडा निघाला. म्हैस वाचली, पण त्या वेताचे दूध गेले ते गेलेच.

त्याच घराच्या माळ्यावर एक धातुशोधक यंत्र, म्हणजे आपण ज्याला मेटल डिटेक्टर म्हणतो ते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले होते. जमिनीखाली बुजलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह शोधण्यासाठी मालकांच्या वडिलांनी ते जुनेच विकत घेतले होते. "ते बिघडलंय साहेब. शेतात नुसतं ओरडतं आणि खिळा समोर ठेवला तर गप्प बसतं," असे मालक म्हणाले. आम्ही ते खाली काढले, पुसले, नवे सेल घातले. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याची बटणे दुसऱ्याच कामासाठी लावलेली होती. असे यंत्र कोणाच्या घरी, ग्रामपंचायतीत किंवा सहकारी संस्थेत पडून असेल तर ते पुन्हा उपयोगात कसे आणावे, ते या लेखात पाहू.

आपल्या भागात लोखंड येते कोठून?

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात शेत आणि बांधकाम शेजारी शेजारी आले आहेत. इमारतीच्या सळया बांधायची बारीक तार हा सर्वांत वाईट शत्रू. ती गवताच्या रंगात मिसळून जाते. शेजारच्या भूखंडावर काम चालू असले की तिचे तुकडे पावसाच्या पाण्याबरोबर खाचरात उतरतात. दुसरे कारण राबाचे. पूर्वी राब भाजायला शेण, पालापाचोळा, टहाळ आणि गवत वापरीत. आता पालापाचोळा कमी पडतो म्हणून कारखान्यांतून आलेल्या खोक्यांच्या फळ्याही कोणी कोणी जाळतात. लाकूड जळते, खिळे राखेत राहतात आणि रोपांबरोबर आवणीच्या बायांच्या पायांखाली येतात. जुना टायर जाळला तर आतील पोलादी तारांचे जाळेच शिल्लक राहते. निर्माल्य जनावरांना घालण्याची आपल्याकडे चाल आहे, पण हारातील तार आणि टाचण्या कोण वेचून काढतो? शिवाय गवताच्या गाठी आवळलेली तार आहेच.

म्हैस घाईने चरते, चारा नीट न चावता गिळते आणि मग बसून रवंथ करते. त्यामुळे तोंडात तार आली तरी ती बाहेर टाकली जात नाही. जड वस्तू पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. हा कप्पा आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटलाचा पातळ पडदा असतो. जाळीचे पोट आकुंचन पावते तशी टोकदार तार पुढे सरकते. पडदा ओलांडून ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली की छातीखाली, पोळीला सूज येते, मानेच्या शिरा फुगतात आणि मग उपाय फारच थोडा उरतो.

यात कडबाकुट्टीने भर घातली आहे. लांब तार एखादे वेळी चाऱ्यातून डोळ्यांना दिसते. कुट्टीच्या पात्याखाली तिच्या इंच-दोन इंचांच्या सुया होतात. म्हणून यंत्राचा खरा उपयोग कुट्टीच्या आधी आहे, नंतर नाही.

यंत्र काय करते?

यंत्राच्या खालच्या ताटलीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू असेल तर त्यात लहान भोवरे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र ताटलीला जाणवते. लोखंड याखेरीज चुंबकासारखेही वागते, म्हणून त्याचा संकेत तांब्या-पितळेहून वेगळा येतो.

इ. स. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी शरीरातील गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वावरचे यंत्र नेले. पण अध्यक्षांच्या बिछान्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यातच डॉक्टरांनी फक्त उजव्या बाजूला शोध घेऊ दिला आणि गोळी होती डावीकडे. बेलना गोळी सापडली नाही. आपल्या गोठ्यातही हेच होते. सिमेंटच्या कोब्याखाली सळया असतील, गव्हाण पत्र्याची असेल, कमरेच्या आकडीला कोयता लटकत असेल, तर यंत्र त्याच वस्तू सांगणार! कोयता, किल्ल्या आणि लोखंडी नाल मारलेले जोडे आधी दूर ठेवावेत.

आधी साफसफाई

सेलची पेटी उघडावी. अल्कलाईन सेल गळून पांढरा थर जमला असेल तर कापसाला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून तो पुसावा, नंतर ओलसर फडक्याने पुसून पेटी पूर्ण वाळू द्यावी. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. ताटलीवर प्लॅस्टिकचे झाकण असेल तर ते काढून आत साचलेली माती झटकावी. आपल्या मातीत लोहकण असतात, त्यामुळे ही मातीच खोटे संकेत देते. ताटलीपासून वर जाणारी वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली असावी. ती लोंबकळत राहिली तर प्रत्येक हेलकाव्याला आवाज येतो आणि माणूस उगाच खणत बसतो.

बटणे कोणत्या क्रमाने लावावीत?

पहिले बटण 'डिस्क्रिमिनेशन'चे, म्हणजे नको त्या धातूला वगळण्याचे. ही यंत्रे बहुधा नाणी आणि दागिने शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी बनविलेली असतात. त्यांना खिळे नको असतात, म्हणून हे बटण चढवून ते लोखंडाचा आवाज बंद करतात. आपल्याला नेमके उलट हवे आहे. हे बटण पूर्ण शून्यावर आणावे किंवा यंत्रावर 'ऑल मेटल' अशी सोय असेल तर ती निवडावी. वर सांगितलेल्या यंत्रात हे बटण निम्म्याच्या पुढे होते. वीस वर्षे तो खिळ्यांना वगळायला सांगितलेला रखवालदार होता आणि आपण त्यालाच आंधळा म्हणत होतो.

दुसरे काम जमिनीशी तोल साधण्याचे, म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ यालाच द्यावा. आपल्या जमिनी काळ्या कातळापासून, म्हणजे बेसॉल्टपासून बनल्या आहेत. उल्हास नदीची कोरडी वाळू कागदावर पसरून खाली लोहचुंबक फिरवावा, काळे कण सरकताना दिसतील. ते मॅग्नेटाइटसारखे लोहखनिज. यंत्राला ही जमीनच धातूसारखी वाटते, म्हणून ते 'नुसते ओरडते'. तोल असा साधावा : धातू नाही अशी हातभर जागा निवडावी. 'थ्रेशोल्ड'चे बटण डास गुणगुणल्याइतका बारीक आवाज सतत येईल असे लावावे. ताटली गुडघ्याइतकी वर धरावी आणि सरळ खाली, जमिनीपासून दोन बोटांवर आणावी. खाली येताना आवाज वाढला तर तोलाचे बटण थोडे एका बाजूस फिरवावे, कमी झाला तर उलट बाजूस. ताटली वर-खाली करूनही आवाज बदलेनासा झाला की तोल साधला. काही साध्या यंत्रांत हे बटण नसते. तेथे ताटली जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवून फिरवावी आणि संवेदनक्षमता उतरवावी.

एकदा साधलेला तोल सगळ्या शेताला पुरत नाही. वरकसच्या तांबड्या जमिनीवरून खाचरात उतरलात की तो पुन्हा साधावा. राब भाजलेल्या जागेवर तर हमखास. माती भाजली की तिच्यातील लोहाचे रूप बदलते आणि ती अधिक चुंबकीय होते. नेमकी तीच जागा आपल्याला तपासायची असते. खाडीकाठच्या खार जमिनीची अडचण निराळी आहे. तेथे ओल आणि मीठ मिळून जमीन वीज वाहून नेते. अशा ठिकाणी संवेदनक्षमता बरीच कमी ठेवून, जमीन वाळल्यावरच काम करावे.

संवेदनक्षमतेचे, म्हणजे 'सेन्सिटिव्हिटी'चे बटण सर्वांत शेवटी. यंत्र हाती आले की आपण सगळे हेच आधी पूर्ण चढवितो (मीही तेच केले होते). ताटली हवेत स्थिर धरली असतानाही यंत्र किरकिर करीत असेल तर तो दोष जमिनीचा नाही. रेल्वेच्या विजेच्या तारा, डोक्यावरून जाणारी उच्च दाबाची वाहिनी, चालू मोटर किंवा खिशातील मोबाइल ही त्याची कारणे. आपल्या भागात यांतले एखादे तरी असतेच. मोबाइल दूर ठेवावा, मोटर बंद करावी आणि किरकिर थांबेपर्यंत बटण उतरवावे. शांत चालणारे यंत्र थोडे कमी खोल पाहिले तरी चालेल.

मग स्वतःच्या शेतात परीक्षा घ्यावी. दीड इंची खिळा आणि बांधणीच्या तारेचा बोटभर तुकडा दोन बोटे, चार बोटे आणि वीतभर खोलीवर पुरावा, वर खुणेची काठी रोवावी. कोठवर आवाज येतो ते पाहून ठेवावे. खिळा वीतभर खोल बहुधा कळणार नाही आणि बारीक तार त्याहूनही कमी. धारदार लोखंड पायाला आणि जनावराला लागते ते वरच्या थरातले, म्हणून याने निराश होऊ नये. आडवी आणि उभी तार सारखा संकेत देत नाहीत. प्रत्येक पट्टा एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने तपासावा.

चारा तपासताना

तारेने आवळलेली गाठ तशीच तपासण्यात अर्थ नाही, ती ओरडणारच. गाठीवर किती तारा आहेत ते मोजावे, पकडीने कापाव्यात, पूर्ण ओढून काढाव्यात आणि पुन्हा मोजाव्यात. कोयत्याने तोडल्यास तुकडा उडतो. नंतर गवत किंवा भाताचा पेंढा मातीच्या जमिनीवर हातभर रुंद, चार-सहा बोटे जाडीचा पसरावा. ती जागा आधी रिकामी असताना तपासून घ्यावी. सळयांच्या कोब्यावर हे काम होत नाही. ताटली सावकाश, पेंढ्याला जवळजवळ टेकवून फिरवावी. आवाज आला की तेवढी पेंढी उचलून बाजूला झटकावी आणि जागा पुन्हा पाहावी. रोजचा सगळा चारा असा तपासणे तबेलेवाल्यांना जमणार नाही हे मला मान्य आहे. नव्या ठिकाणचा माल, बांधकामाशेजारी कापलेले पॅरा गवत आणि गंजीचा तळ एवढे तरी सोडू नये. कुट्टीच्या तोंडाशी बसविलेला मोठा लोहचुंबक हा याचा जोडीदार. पण तो फक्त लोखंड धरतो, अॅल्युमिनियम आणि तांबे तसेच पुढे जातात.

खाचरासाठी योग्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. भात निघालेले असते, जमीन वाळलेली असते आणि राब किंवा नांगरट व्हायची असते. सबंध शेत फिरायची गरज नाही. बांधकामाकडील कड, पाणी आत येते ते तोंड, मळणीचे खळे, राबाची जागा आणि रोपवाटिका एवढे पाहिले तरी बरेचसे लोखंड निघते.

काही पशुपालक यंत्र थेट जनावराला लावतात. डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागावर ताटली धरली तर आतील लोखंडाचा आवाज येऊ शकतो. पण त्यावरून निदान करू नये. धडधाकट जनावरांच्या पोटातही लोखंड सापडते आणि पोटात मुद्दाम चुंबक सोडलेले जनावर तर वाजणारच. ते टोचले आहे की नाही हे पशुवैद्यकच सांगू शकतात. दूध अचानक उतरणे, पाठीची कमान, कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उतारावर कण्हणे ही लक्षणे दिसली तर यंत्राची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पोटात चुंबक सोडायचा असल्यास तोही त्यांच्याच हातून सोडावा.

यंत्र हाती दिसले की गावात पहिला प्रश्न सोन्याचा येतो. तेव्हा हेही सांगतो की १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित पुरातन स्थळांवर तर खणण्यास मनाईच आहे. आणखी एक. उल्हासनगर ज्या जागी वसले तेथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती आणि नेवाळीला धावपट्टी होती. अशा जुन्या लष्करी जागांजवळ नळकांड्यासारखी गंजलेली जड वस्तू दिसली तर तिला हात किंवा कुदळ न लावता पोलिसांना कळवावे.

सुरुवातीला सांगितलेल्या पशुपालकांनी राबाची जागा आणि बांधकामाकडील कड एका सकाळी तपासली. न्याहारीपर्यंत दुधाचे अर्धे माप भरून खिळे, तारा आणि एक तुटलेला विळा निघाला. निघालेले लोखंड बांधावर फेकू नये, झाकणाच्या डब्यात साठवून भंगारात द्यावे. काम झाल्यावर यंत्रातील सेल काढावेत, आणि डिस्क्रिमिनेशनच्या बटणावर शून्याशी लाल रंगाची खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी घरातील कोणीही ते यंत्र खाली काढले तरी चुकणार नाही.