आधी हिशोब, मग कोड : उसाच्या बिलातून प्रोग्रामिंगचं लॉजिक

आज हेडफोन लावून ऐकत असाल तर शेजारी वही-पेन घेऊन बसा. हो, वहीच. आजचा भाग कॉम्प्युटरचा आहे, पण अर्धं काम कागदावर करायचं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा त्याच भागाचा मजकूर.

पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग घेतलेल्या मुलामुलींचं एक ठरलेलं दुखणं असतं. फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम समजतो. पण नवा प्रश्न आला, की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मग प्रोग्राम पाठ करायचे. प्रॅक्टिकलला प्रश्न थोडा फिरवला की गाडी अडकते, आणि आपण ठरवून टाकतो, "माझं डोकं कोडिंगचं नाही." मराठी माध्यमातून आलेली मुलं तर हे फार लवकर ठरवतात.

मला हेच खोडायचंय. कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे भाषा : सेमीकोलन कुठे, कंस कुठे. ती सवयीने येते. दुसरी म्हणजे लॉजिक : प्रश्न सोडवायचा कसा. आपल्या खान्देशातल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी कागदावर उतरवल्या. रचना आधी तयार होती, लिहिणं नंतर आलं. प्रोग्रामचंही तसंच आहे.

आता उदाहरण घेऊ. शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं ठिकाण. या पट्ट्यातल्या ज्या घरात ऊस आहे, तिथे काटा, पावती, उतारा, एफआरपी हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. तर आपला प्रश्न असा : शेतकऱ्याच्या उसाचं एफआरपीप्रमाणे बिल काढणारा प्रोग्राम लिहा.

लगेच मोबाइल उघडू नका. आधी नियम समजून घेऊ.

एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३५५ रुपये आहे, साखर उतारा १०.२५ टक्के धरून. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये जास्त, ०.१ ने घटला की ३.४६ रुपये कमी. मात्र उतारा ९.५ च्या खाली गेला तर आणखी कपात नाही. तिथे दर ३२९.०५ रुपयांवर थांबतो.

पायरी पहिली : हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहा, अहिराणीत, गुजरीत, पावरीत, घरी जे बोलता त्यात लिहा. आपल्याला मिळालंय काय? भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि उतारा. काढायचंय काय? रुपये. मधला रस्ता कोणता? भरलेलं वजा रिकामं म्हणजे निव्वळ वजन. पण काट्यावरचं वजन आपण टनांत बोलतो आणि दर आहे क्विंटलचा. एका टनाचे दहा क्विंटल. हे विसरलात तर ६० टन उसाचे २ लाख १३ हजारांऐवजी २१,३०० रुपये येतील, आणि कॉम्प्युटर तक्रारसुद्धा करणार नाही.

पायरी दुसरी : एक उदाहरण हाताने सोडवा. उतारा ११.२५ धरा. १०.२५ पेक्षा १ टक्का जास्त, म्हणजे ०.१ चे दहा टप्पे. दहा गुणिले ३.४६ म्हणजे ३४.६०. दर झाला ३८९.६०. आता उतारा ९.७५ धरा. अर्धा टक्का कमी, पाच टप्पे, १७.३० वजा. दर ३३७.७०. जे हाताने करता येत नाही, ते मशीनला सांगता येत नाही. सुचत नाही असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते.

पायरी तिसरी : हाताने जे केलं त्याचा नियम करा. पहिल्या झटक्यात आपण तीन फाटे लिहितो. उतारा जास्त असेल तर, कमी असेल तर, फारच कमी असेल तर. चालेल. पण नीट बघा. उतारा कमी असला की वजाबाकीचं उत्तर आपोआप उणे येतं, म्हणजे वाढ आणि घट एकाच सूत्रात बसते. मग उरतात दोनच फाटे :

जर उतारा ९.५ पेक्षा कमी, तर दर = ३२९.०५
नाहीतर दर = ३५५ + ((उतारा − १०.२५) ÷ ०.१) × ३.४६
बिल = निव्वळ टन × १० × दर

एवढंच. यालाच लॉजिक म्हणतात. हे सी, पायथन किंवा जावात उतरवणं ही आता फक्त भाषांतराची मेहनत.

पायरी चौथी : काठावर तपासा. याला ड्राय रन म्हणा. फक्त मधले सोपे आकडे घालून "बरोबर आलं" म्हणू नका. नियम जिथे बदलतो तिथे चूक लपते. म्हणून ९, ९.५, १०.२५ आणि ११.२५ हे चार उतारे घ्या. उत्तरं यायला हवीत ३२९.०५, ३२९.०५, ३५५ आणि ३८९.६०. ९.५ वर सूत्रसुद्धा ३२९.०५ देतं, म्हणजे दोन फाटे नीट जुळले. कुणी पहिला फाटाच विसरला, तर ९ उताऱ्याला ३११.७५ येईल. क्विंटलला १७.३० कमी. ६० टनांवर १०,३८० रुपये. कुणाच्या तरी घरातले.

आता एक गंमत ऐका. बऱ्याच कॉलेजांत सुरुवात सी भाषेने होते. समजा प्रोग्रामला उतारासुद्धा काढायला सांगितला : साखर भागिले ऊस, गुणिले १००. ऊस १०,००० किलो, साखर १,०२५ किलो. उत्तर १०.२५ यायला हवं. पण दोन्ही संख्या पूर्णांक म्हणून जाहीर केल्या असतील, तर सी त्यांच्या भागाकारातला दशांश टाकून देते. १,०२५ भागिले १०,००० म्हणजे तिच्या लेखी शून्य. शून्य गुणिले शंभर, शून्यच. मग उतारा ९.५ पेक्षा कमी आहे असं समजून प्रोग्राम दर दाखवतो ३२९.०५.

बघा, एरर नाही, काही नाही. आकडाही अगदी खरा वाटतो. ज्याने ३५५ हे उत्तर आधी वहीत काढून ठेवलंय, त्यालाच ही चूक दिसते. ६० टनांवर फरक होतो १५,५७० रुपयांचा. उपाय छोटा आहे, संख्या फ्लोट म्हणून जाहीर करायच्या. पण चूक आहे हे आधी कळायला तर पाहिजे!

यातच "एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला?" या प्रश्नाचं उत्तर आहे. चॅटबॉट कोड देईल. तो बरोबर आहे का, हे कोण सांगणार? ज्याला काठावरचे आकडे माहीत आहेत, तोच. उद्या बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात तुम्ही लिहिलेल्या ओळीवर कुणाचे तरी पैसे ठरतील. म्हणून चॅटबॉटला विचारायचंच असेल तर वहीतली चार उत्तरं तयार ठेवून विचारा.

या चार पायऱ्या आजच्या नाहीत बरं का. जॉर्ज पोल्या नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ सालच्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात जवळपास हेच सांगितलं : प्रश्न समजून घ्या, बेत करा, तो अमलात आणा आणि मागे वळून तपासा. ते पुस्तक गणिताचं होतं, पण प्रोग्रामिंगला तंतोतंत लागू पडतं.

आता तुमचा गृहपाठ. याच बिलातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा करा. तो टनाला किती, हे प्रोग्रामने विचारायला हवं. आणि चुकून रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्यापेक्षा जास्त टाकलं तर काय करायचं, तेही ठरवा. आधी वहीत चार उदाहरणं, मग नियम, मग कोड. लॅपटॉप नसेल तरी अडत नाही, सी आणि पायथन दोन्ही फोनवर चालवता येतात.

घरी ऊस असेल तर आणखी एक करा. वडिलांकडे, काकांकडे जुनी पावती मागा आणि वजनाचा हिशोब तुमच्या प्रोग्रामने करून बघा. नाही जुळला, तर का नाही जुळला हे शोधताना जे शिकाल, ते दहा पाठ केलेल्या प्रोग्रामांत मिळणार नाही.

वहीच्या पानाचा फोटो काढून वर्गातल्या ग्रुपवर टाका, कोडचा नको. पुढच्या भागात लूप : शंभर गाड्यांचं बिल एकदम कसं काढायचं ते बघू. तोपर्यंत, आधी हिशोब, मग कोड. भेटूया!